कडेवरचा

३ मार्च, मंगळवार

डोकं फिरलंय! नुसतं फिरलंय!

काल दादा उड्डाण अर्धवट सोडून परत आला. इंजिन थरथरतंय म्हणाला. मेकॅनिकांनी सगळं उघडून पाहिलं — काही नाही. झालं! आज जेवणाच्या टेबलावर त्याचं बारसं. या वैमानिकांत खरं नाव कुणी वापरतच नाही. चूक करा आणि त्या चुकीचं नाव छातीवर शिवून घ्या, निवृत्तीपर्यंत. एक जण साहेबांसमोर घोरला — तो ‘अंगाई’. सगळ्यात वात्रट तो ‘कुंपण’. धावपट्टी संपली तरी याचं विमान थांबलं नव्हतं, थेट तारेत जाऊन बसलं. आणि हा दादाला नाव देणार!

‘यू-टर्न’. सगळ्यांनी चमच्यांनी ताटं बडवली. ‘काय रे, दूध गॅसवर राहिलं होतं का?’ — कुंपण. घरी येऊन हे सांगताना दादाही हसला. त्याचं ते हसणं बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

५ मार्च

दादा नीट जेवत नाही. विचारलं तर ‘तू तुझं बघ’.

माझं काय बघायचं? दादाकडे आठ दिवसांसाठी आले होते, दुसरा महिना लागला. बोटीवर तिकिटं फाडायची नोकरी करून झाली, लोकांच्या कुत्र्यांना आंघोळी घालायचीही करून झाली, कॉलेज तर कधीच सोडलं. इथे धावपट्टीच्या कडेला ससे आहेत. विमान डोक्यावरून गेलं तरी कान हलवत नाहीत. तासभर बघत बसले. भाजी करपली.

८ मार्च, रविवार

आज मेसमध्ये घरच्यांसकट जेवण. मी ठरवून गप्प होते. पण कुंपणने सुरू केलं — ‘काय पाहुणेबाई, यू-टर्न भाजी आणायला जातो तेव्हा बाजारापर्यंत तरी पोचतो ना?’

मी ताट आपटलं. म्हटलं, ‘तुमच्यासारखा तारेत अडकला नाही ना! इंजिन खरंच बिघडलं असतं तर? तुमच्या हसण्याला घाबरून तो परत फिरला नसता तर? मेल्यावर काय नाव दिलं असतंत?’

कुंपणने चमचा खाली ठेवला. दादा पांढराफटक. मला वाटलं, जिंकले.

कसली जिंकतेय! यांच्यात नियम आहे म्हणे — नावाबद्दल तक्रार केली की त्याहून वाईट नाव मिळतं. जागच्या जागी हात वर करून मतदान झालं. धाकटी बहीण भांडायला येते, म्हणून दादा आता ‘कडेवरचा’.

परतताना दादा एवढंच म्हणाला, ‘झालं समाधान?’

१० मार्च

दादाने स्वतः मागून घेतलंय. गुरुवारी चार विमानांचा सराव, पंखाला पंख भिडवून. ‘आता बघू कोण हसतं.’ त्याच्या डाव्या हाताला कोण? कुंपण! नशीब फुटकं ते फुटकंच.

११ मार्च, बुधवार

सगळं क्रमाने लिहून ठेवते.

सकाळी दादाचे बूट पुसत होते. म्हटलं, उद्या परत ते इंजिन थरथरलं तर लाज न बाळगता फीर. दादा खाली बसला. म्हणाला, ‘इंजिन थरथरलंच नव्हतं.’

त्याला डावीकडचं दिसायचं बंद झालं होतं. सरळ, सावकाश उडत असताना. अख्खी डावी बाजू गेली, मिनिटभर. मग परत आली. याआधीही दोनदा झालंय! डॉक्टरला सांगितलं तर उडणं संपलं. म्हणून सांगितलं नाही. ‘तुलाही शपथ आहे.’

मी किती बोलले! गाढव म्हणाले, खुनी म्हणाले. आणि आठ दिवस मी कशासाठी भांडत होते? एका थापेसाठी!

चार वाजता गेले. कुंपण मोटरसायकल पुसत होता. सांगितलं. शपथ मोडली.

तो हसला नाही. ‘डावी बाजू? नक्की?’ दोनदा विचारलं. मग फडक्याची घडी करत म्हणाला, ‘साहेबांशी मी बोलतो. तुला यातलं काही माहीत नाही. कळलं? काही म्हणजे काही नाही.’

१४ मार्च, शनिवार

दादाचं उडणं बंद. डॉक्टर म्हणाले, बहुतेक कायमचं.

आज मेसमधलं दादाचं सामान आणायला दोघं गेलो तर कुंपण समोर आला. दादाने त्याची कॉलर धरली. ‘कुणी सांगितलं तुला?’ तो म्हणाला, ‘सांगायला कशाला हवं? महिनाभर शेजारून बघतोय. मान डावीकडे जास्त वळते तुझी. मीच तक्रार केली.’ दादाने त्याच्या तोंडात मारली. त्याने खाऊन घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जिन्यात दादा मला म्हणाला, ‘तू बरोबर होतीस. नीच माणूस आहे.’

मी हो म्हणाले.