आईसाठी बटण

४ फेब्रुवारी, सकाळ
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई मागच्या खोलीत पडून. हाका मारते, स्वयंपाकघरात ऐकू येत नाहीत. बायको म्हणाली, बाजारातून एक घंटी आणा. घंटी! घरात रिटायर्ड इंजिनिअर असताना! सिव्हिलचा असलो म्हणून काय झालं? नवशिक्यांसाठीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड मागवलाय. आईने बटण दाबायचं, की स्वयंपाकघरात बझर वाजणार. रविवारपर्यंत काम फत्ते.

८ फेब्रुवारी, रविवार
जवळजवळ फत्ते. बझर वाजतो. फक्त बटण न दाबता वाजतो, आणि दाबलं की थांबतो. प्रोग्राममध्ये कुठेतरी उलटं झालंय, किरकोळ आहे. दुपारभर आई बटण दाबून पडली होती. डोळा लागला की बोट सुटायचं. वापर भरपूर होतोय, ही जमेची बाजू.

११ फेब्रुवारी
उलट्याचं सुलट केलं. आता एकदा दाबलं की चार-पाचदा वाजतं. बटणातली पट्टी दाबताना थरथरते म्हणे, आणि बोर्ड प्रत्येक थरथर मोजतो. म्हणजे दोष बटणाचा. बायको गॅस बंद करून धावत गेली, तर आईला पंखा कमी करून हवा होता. बायको माझ्याशी बोलत नाहीये. एकाग्रतेला बरंच.

१२ फेब्रुवारी
आई म्हणते, मी आपली ताटलीवर चमचा वाजवते. तिला थरथरीचं शास्त्र नीट समजावून सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

१५ फेब्रुवारी
तोडगा सापडला. एकदा दाबलं की बोर्डाने जरा थांबायचं, मगच पुन्हा बटणाकडे बघायचं. मी अंमळ जास्तच थांबवलंय, सेफ्टी म्हणून. तेवढ्यात कितीही दाबा, त्याला पत्ता नसतो. आईला म्हटलं, थोडा धीर धरत जा.
"मी धरीन रे," ती म्हणाली, "पण बाथरूमचं काय?"
मुद्दा विचाराधीन.
व्यायाम करून घेणाऱ्या ताईंचीही तक्रार. आई भीतीने पाऊलच टाकत नाही. सगळ्यांच्या तक्रारी माझ्याच कानावर.

१९ फेब्रुवारी, दुपार
बायको ऑफिसात. मी हेडफोन लावून बटणावरचाच व्हिडिओ बघत होतो. खांद्यावर हात पडला. दचकलो. मागे आई, वॉकर धरून उभी! मी म्हटलं, अगं, बटण दाबायचंस ना.
"दाबलं. मग हाका मारल्या. मग उठले."
पाणी आणू का, विचारलं. म्हणाली, येताना पिऊन आले.

२० फेब्रुवारी
ताई चकित. इतके दिवस विनवण्या करून जे झालं नाही, ते झालं कसं? मी घसा साफ करून यंत्राची माहिती सांगायला लागलो. बायको खिडकीबाहेर बघत होती. ताईंनी मध्येच विचारलं, आता रोज सकाळ-संध्याकाळ यांना कोण चालवेल?
"ह्यालाच सांगा," आई म्हणाली. "ह्याला काही काम नसतं."
संध्याकाळी पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या. दोनदा मीच मागे पडलो.