बाणातला ण

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
८ फेब्रुवारी

ती. निशाआत्यास,
सा. न. वि. वि.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणशील. पूर्वपरीक्षा पास झाले हे बाबांनी तुला कळवलंच आहे. त्यांनी ते अख्ख्या मानपाड्याला कळवलंय. मुख्य परीक्षा मात्र आता नव्या पद्धतीची आहे. इतकी वर्षं राज्यसेवेला चार पर्यायांतला एक निवडून गोल काळा करायचा असे. आता तीन-तीन तास हाताने सविस्तर लिहायचं. कॉलेज सुटल्यापासून मी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. म्हणून सवयीसाठी तुला पत्रं लिहिणार आहे. तू निवृत्त झालीस तरी शाळेतली बाईच आहेस, तेव्हा तपासून परत पाठव.

दुसरं कारण तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. ठाण्याच्या क्लासमध्ये पहिला निबंध दिला. परत आला तेव्हा पानभर लाल गोल, आणि प्रत्येक गोलात न नाहीतर ल. पाण्याचं पानी, शाळेची शाला, वेळचा वेल. बोलताना मी नीट बोलते गं, पण घाईत लिहिताना हाताला घरचंच ऐकू येतं. शेजारच्या मुलाने कागद बघितला आणि विचारलं, की तुम्ही आगरी का. वाईट हेतूने विचारलं नसेल. तरी मी कागद उलटा केला. गोल काळे करताना मी कोण, कुठली, हे कोणाला कळत नव्हतं.

मराठीच्या पेपरात नुसतं पास व्हायचं असतं. पण नापास झालं तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत. लॅबमधली नोकरी सोडून केलेला सगळा अभ्यास एका अक्षरावर अडायचा. मला फार भीती वाटते.

लोभ आहे तसा राहू दे, लाल शाई मात्र हात राखून वापर.

तुझी,
दक्षता


खडवली
१४ फेब्रुवारी

चि. दक्षतास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तपासून सोबत पाठवते आहे. हात राखून वापरायला मी काही किराणा दुकान मांडलेलं नाही, त्यामुळे पान जरा लाल झालंय. नापास हा शब्द मात्र अगदी अचूक लिहिला आहेस. भीतीचं शुद्धलेखन तुझं उत्तम आहे.

मी चौथीच्या पोरांना सांगायची तेच बीएस्सी झालेल्या भाचीला सांगते. नळातला न, बाणातला ण. मोठ्याने म्हणून बघ. बाणातला ण म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते. लिहिण्याआधी शब्द एकदा तोंडात घोळवायचा. मराठी मुलीला मराठीत नापास व्हायची धास्ती, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना, पण हसले. तूही हस थोडी.

चंदूचा फोन आला होता. तू जेवत नाहीस म्हणून ओरडत होता. तुझ्या बापाचा आवाज फोन नसता तरी खडवलीपर्यंत आला असता. जेवत जा, रिकाम्या पोटी ण येत नाही.

पुढच्या पत्रात भीती जरा कमी आणि ळ जरा जास्त असू दे. तसा लोभ आहेच.

तुझी,
आत्या


मानपाडा
११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा बाण मला उलटा लागलाय. आता मला सगळीकडेच ण दिसतो. सराव परीक्षेत लिहून आले, की महाराष्ट्राच्या लोकांचे मण मोठे आहे. सरांनी बाजूला लिहिलं, किती किलोचे? आणि ते वाचूनही दाखवलं. सगळे हसले, मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. दर शब्दाला थांबते. तीन तासांत अर्धा पेपर कोरा राहतो.

सर म्हणाले, की कानावर सतत प्रमाण भाषाच पडली पाहिजे. म्हणून मी घरी सांगितलं, की पेपर होईपर्यंत माझ्यासमोर आपलं बोलणं नको. आई धवलारीण, गल्लीतल्या कल्पिताच्या लग्नासाठी बायका जमवून लग्नविधीचे धवले गाऊन घोळवत होती. तिला म्हटलं, गाणी कल्पिताकडेच जाऊन म्हण. ती बायकांना घेऊन गेली. बाबाही जेवताना गप्प असतात. घर कधी नव्हे इतकं शांत झालंय. आता तरी अभ्यास व्हायला हवा, पण होत नाही. पेन धरलं की अंगठ्यापासून कोपरापर्यंत थरथर सुरू होते.

आत्या, पेपरला जाऊच नये असं वाटायला लागलंय. न जाता नापास झालं तर निदान का झाले ते कोणाला कळणार नाही. रागावू नकोस, आणि हे बाबांना सांगू नकोस.

चुका मोजू नकोस. लोभ मोजून दिलास तरी चालेल, पण दे.

तुझी,
दक्षता


मानपारा
१८ मार्च

ताईला चंदूचा नमस्कार.

ताई, फोन केला असता त पोरीनी ऐकला असता, म्हनून कागद लिवतंव. चुका आसतील. माजा कागद तपासू नको.

पोरीनी सांगला का घरान आपला बोलना बंद. मी बंद केला. तिचे समोर मना तोंड उघराची भीती वाटते. माजे तोंडचा एकादा शब्द तिचे कानान गेला न पेपरान उतरला त काय करू? मी नुसती मान हालवतंव न जेवतंव. खालचे दुकानगाल्यांचे भारेकरी भारा द्याला आले त त्यांना जिन्यान नेऊन बोलतंव. मंजुलाचा पन धवल्यांचा गाना घरान बंद जाला. आमी दोघा टीवी बघताव तो पन आवाज बंद करून.

मना राग नाय आला. पोर घाबरलेली हाय. जेवता जेवता सोताचा हात बघत बसते. तिला जवल घेऊन सांगाचा हाय का घाबरू नको, पन कनचे भाषेन सांगू? मना दुसरी येत नाय.

तू बाई होतीस. मना शिकव. दुपारी ती लायब्ररीन जाते, तवा मी फोन करीन. तो एक न, न तो दुसरा न, दोनी शिकव. ल पन दोनी. तिला यातला काय सांगू नको.

माया हाय ती आसू दे.

तुजा भाऊ,
चंदू


खडवली
२४ मार्च

चि. दक्षतास,
अ. उ. आ.

या वेळी तुझं पत्र तपासलं नाही. तू पेपरला जाणार नाहीस हे वाक्य मात्र खोडलं आहे, कारण ते मला चुकीचं वाटलं. भीती मलाही वाटते. तुझ्या हाताची थरथर पत्रावर दिसते आणि ती बघून मला रात्रभर चैन पडत नाही. तरी तू जायचंस. आणि अडलीस तर थांबायचं नाही. न की ण, जो हाती येईल तो लिही आणि वाक्य पुरं कर. चुकीच्या णसकट पुरं वाक्य तपासतात, कोरं पान कोण तपासणार?

आता घराचं. भाषा म्हणजे काही गोवर नव्हे, शेजारी बसलं की लागायला. परीक्षा तुझ्या मराठीची आहे, तुझ्या आईबापाच्या नाही. त्यांना पूर्वीसारखं बोलायला सांग. हे बाई म्हणून लिहीत नाही, चंदूची बहीण म्हणून लिहिते आहे.

दुपारी मला हल्ली सवड नसते. एक नवा विद्यार्थी मिळाला आहे. ळ काही केल्या जमत नाही, पण तास चुकवत नाही. त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

रागाखाली लोभ आहे, तो ओळखून घे.

तुझी,
आत्या


मानपाडा
१२ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पेपर झाले. मी गेले, आणि सगळ्या पेपरांना गेले. मराठीच्या पेपरात मौन हा शब्द आला आणि हात थांबला. मौन की मौण? काय लिहिलं ते आता आठवत नाही, पण वाक्य पुरं केलं आणि शेवटचं पानही पुरं केलं. पास होईन की नाही, देव जाणे.

तू मार्चमध्ये सांगितलंस ते मी ऐकलं नाही. पेपर होईपर्यंत राहू दे, मग सांगू, असं म्हणत राहिले. शेवटचा पेपर देऊन घरी आले तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये उभे होते. एकेक अक्षर ठेवत त्यांनी मला विचारलं, की प्रश्नपत्रिका कशी होती, वेळ पुरला का, पाणी हवं का. वेळमधला ळ बरोबर, पाणीमधला ण बरोबर. आई शेजारी श्वास धरून उभी होती, जसं काही पोर पहिल्यांदा स्टेजवर चढलंय. आणि मी घाबरले, आत्या. पेपरात घाबरले नव्हते इतकी घाबरले. समोर बाबा होते आणि बोलत दुसरंच कोणीतरी होतं.

मी त्यांचा हात धरून आपल्या बोलीत विनवलं, की झाले आता पेपर, आपलं बोला. त्यांनी त्याच सावकाश भाषेत मला समजावलं, की मराठीत पास झालीस की अजून मुलाखत आहे, आणि तिथे तर तोंडानेच बोलायचं आहे, तेव्हा तोवर आपण सगळ्यांनी धीर धरू. शिकवलं कोणी तेही सांगितलं. केवढा अभिमान होता त्यांच्या तोंडावर.

निकाल वाईट लागला तर, ही भीती होतीच. आता चांगला लागला तर, हीसुद्धा वाटते. काल जिन्यात बाबांचा पाय मुरगळला. कळवळून ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, वर मी उभी दिसले, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

तू शिकवलंस, आता तूच विसरव. माझं ते ऐकत नाहीत. पत्र लिहू नकोस, ये.

लोभाचं नंतर बघू.

तुझी,
दक्षता