संत मकारी पाणी कोणासाठी तापवत होते

मल्लावी, मंगळवार, ७ बाबा
(बाबा हा आपला कॉप्टिक महिना; तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात १७ ऑक्टोबर)

सकाळी साडेपाचला उठलो. पाणी तापत ठेवलं. गच्चीवरच्या कबुतरांना दाणा घातला. दहा वाजता संगमरवर कोरणाऱ्या उस्ता झरीफकडे गेलो, सव्वादहाला परत निघालो. दुपारी कालची मसूर खाल्ली आणि पत्र लिहायला बसलो.

आदरणीय मार्सेलताई यांना लबीबचा सादर नमस्कार.

तुमचे दोन्ही गुडघे कसे आहेत? उजवा जास्त त्रास देतो, हे माझी इस्तीर मला दर शुक्रवारी बहिणीशी बोलून फोन ठेवल्यावर सांगायची. ती गेल्यापासून मला उजव्याचीही बातमी नाही आणि डाव्याचीही. माझी प्रकृती ठीक आहे. वजन सहा किलो उतरलं, पण ते डॉक्टरांनीच गेल्या वर्षी उतरवायला सांगितलं होतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पस्तीस वर्षं मी कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं आणि जे लिहिलं ते एका ओळीत लिहिलं: धाग्याची लांबी, ओल, प्रत. हे पत्र त्याहून लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

येत्या रविवारी इस्तीरचा चाळिसावा दिवस. सकाळी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना आहे आणि तिथून सगळे कबरीवर जाणार, म्हणजे तोवर दगड बसायला हवा. दगडावर काय हवं हे ती स्वतः सांगून गेली आहे. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात म्हणाली, ‘संत मकारींचं ते वाक्य घाल, बाकी काही नको. आणि माझं वय तर मुळीच नको.’ ते वाक्य तुम्हाला माहीत असेलच: ‘जो आधी उठेल, त्याने दुसऱ्यासाठी पाणी तापत ठेवावं.’ मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम. त्याला पाच आठवडे झाले आणि दगड अजून कोरा आहे.

अडचण आमच्या अबूना सराबामोन यांची. (माणूस चांगला आहे. पुरोहित म्हणून तरुण आहे, पण दाढी मोठी आहे.) गेल्या वर्षी इथल्या एका कंत्राटदाराने आईच्या कबरीवर संत अंतोनींचं वचन कोरलं. बिशप आले, वाचून त्यांनी दोनदा मान डोलावली, आणि त्यांचा ड्रायव्हर मागून म्हणाला, ‘सय्यदना, हे तर रमजानातल्या मालिकेतलं वाक्य आहे, नायिकेची सासू म्हणते.’ तेव्हापासून नियम झाला: दगडावर संताचं वचन हवं असेल तर ग्रंथाचं नाव आणि पान क्रमांक द्यायचा, नाहीतर छिन्नी लावायची नाही.

मी गेलो तेव्हा अबूनांनी वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘लबीबकाका, संत मकारी वाळवंटात गुहेत एकटे राहायचे. पाणी कोणासाठी तापवत होते?’

मी म्हटलं, शिष्य असेल.

‘शिष्य असेल तर तोच आधी उठेल ना? गुरू कशाला उठतील?’

मी म्हटलं, नम्रतेने.

‘काका, नम्रता असली तरी पान क्रमांक लागतो.’

मग मी चर्चच्या ग्रंथालयात बसलो. संतांच्या वचनांचे होते तेवढे सगळे ग्रंथ पाहिले. त्यांत उपास आहेत, अश्रू आहेत, सैतान तर पानोपानी आहे, पण गरम पाणी कुठेही नाही. सांत्वनाला येणाऱ्यांना विचारलं (साखर न घातलेली कॉफी देताना दुसरं बोलायलाही काही नसतं). वाक्य सगळ्यांना पाठ! दंतवैद्य म्हणाले, हे तर संत अंतोनींचं. शेजारीण म्हणाली, संत पीमेनचं, मी शपथेवर सांगते. पोस्टातला कारकून म्हणाला, कोणाचं ते सोडा, पण मी लहानपणापासून ऐकतोय. संताचं नाव दर वेळी बदलत होतं, वाक्यातला एक शब्दही बदलत नव्हता. कापसाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी चुटकीसरशी सांगितलं असतं की गाठी वेगवेगळ्या, शेत एकच. पण दुःखात माणसाची अक्कल ओल धरते.

शेवटी गेल्या बुधवारी नत्रूनच्या खोऱ्यातल्या मठात गेलो. तिथे फादर बिसेंती म्हणून एक वृद्ध साधू आहेत, संतांच्या वचनांची खातरजमा हेच त्यांचं काम. कैरोपर्यंत रेल्वेने नीट पोहोचलो. तिथे घाईत चुकीच्या बसमध्ये बसलो. बस मठालाच जात होती, पण ती शाळेच्या सहलीची होती. चाळीस मुली दोन तास स्तोत्रं म्हणत होत्या आणि पुढच्या सीटवरची बाई मागे वळून सारखी म्हणत होती, ‘आजोबा, टाळ्या! आजोबा, सगळे वाजवतायत!’ काळा टाय लावून मी टाळ्या वाजवल्या, ताई. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

फादर बिसेंतींनी वाक्य पाहिलं आणि गाव विचारलं. मी मल्लावी म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘मल्लावी! बसा, बसा. तुमचीच वाट बघत होतो.’ त्यांनी कपाटाच्या तळातून बुटांचं एक खोकं काढलं. त्यावर मोठ्या अक्षरांत आपल्या गावाचं नाव होतं. म्हणाले, ‘खोटी वचनं माझ्याकडे जगभरातून येतात, पण ती कुठून ना कुठून चोरलेली असतात, मी चोर पकडतो. तुमच्या गावची कुठूनच चोरलेली नाहीत. वीस वर्षं येतायत. तिकडे एखादा नवा पंथ निघालाय का?’

खोक्यात चिठ्ठ्या होत्या. एकेक वाचू लागलो. संत अर्सानी म्हणतात, नाक बाहीला पुसणाऱ्याने बाही स्वतः धुवावी. संत पीमेन म्हणतात, वही विसरलेल्याला दुसरी वही द्यावी, डोकं त्याने आणलेलं असतं. संत मकारी म्हणतात, आपलं ताट आपण धुणाऱ्याचा निम्मा उपास घडला. आणि मग ही: संत अंतोनी म्हणतात, जावयाने पहिल्याच पंक्तीला सासूच्या मलूखियाच्या भाजीत मीठ कमी आहे असं म्हणू नये.

ताई, तो जावई मी. ती पंक्ती तुमच्या आईच्या घरची, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीची. तुम्ही माझ्या समोर बसला होतात आणि तुम्हीच मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं होतंत.

त्या बुटांच्या खोक्यातून माझं घर बाहेर येत होतं. मी फादरना काहीच सांगितलं नाही. चौकशी करतो म्हणालो. ते म्हणाले, ‘आमच्याकडे सापडत नाही, एवढंच मी लिहून देतो. मिठाचं ते मी केव्हाच जाळायला हवं होतं. जाळवलं नाही.’ निघण्यापूर्वी मी सगळ्या चिठ्ठ्या उतरवून घेतल्या, एकशे बारा. मग अंगणातल्या नळाशी बसलो आणि हिशेब लागत गेला. आम्हाला मूल नव्हतं, म्हणून तिने गावाची वापरली. अठ्ठावीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलं (मुलं तिला तासोनी म्हणत, म्हणजे ताई). ‘इस्तीर म्हणते’ असं सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं? म्हणून संत म्हणायचे. आणि घरीही तेच. लग्नानंतर चौथ्या दिवशी पहाटे, डोळे न उघडता, तिने मला संत मकारींचं वचन सांगितलं. मी उठलो. त्या दिवसापासून एकतीस वर्षं मी तिला अंथरुणात चहा नेऊन दिला. ताप असताना दिला, बोलणं बंद असताना दिला. सोळाशे वर्षांपूर्वीच्या संताशी सकाळी सकाळी वाद कोण घालणार?

परत आल्यावर यादी अबूनांपुढे ठेवली. ते वाचता वाचता हसू लागले. नाकाच्या वचनाला तर खुर्ची हलली. मग एका ओळीवर थांबले, आणि हळूच मागे वळून भिंतीकडे बघितलं. तिथे त्यांच्या खुर्चीच्या वर सोनेरी चौकटीत तीच ओळ लावलेली आहे: ‘संत बिशोय म्हणतात, उशिरा आलेल्याला आधी बसायला द्यावं, मग कारण विचारावं.’

‘काका,’ ते म्हणाले, ‘मी आठ वर्षांचा होतो. रोज उशिरा यायचो. तासोनी म्हणाल्या, तुझ्यासाठी संतांनी आधीच लिहून ठेवलंय.’ पुढे म्हणाले, ‘मी त्या वाक्यामुळे येत राहिलो. नाहीतर फुटबॉल होता.’ मग त्यांनी बाहीला नाक पुसलं, आणि बाहीकडे बघत बसले.

मग दगडाचा प्रश्न पुन्हा काढला. तिचं नाव घालायचं म्हटलं तर वाक्य तिचं हे गावभर होणार, आणि मग बाकीची एकशे अकराही कोणाची ते कळणार. अर्ध्या मल्लावीच्या भिंतींवरच्या चौकटी उतरवाव्या लागतील. संताचं नाव घालायचं म्हटलं तर ते खोटं, आणि आता आम्हा दोघांनाही ते माहीत. शेवटी अबूनांनी जुना ग्रंथ उघडला. ज्या वचनांचा धनी हरवला आहे, ती तिथे वेगळी दिली आहेत. प्रत्येकाची सुरुवात एकच: ‘एक म्हातारा म्हणाला.’ नाव नाही, गाव नाही. मी विचारलं, बायका नाहीत? म्हणाले, ‘आपली एक वाढवू. एक म्हातारी म्हणाली. पान क्रमांक मी मागत नाही.’

पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

ती आज सकाळी दहापर्यंत टिकली. उस्ता झरीफने कागद वाचला आणि छिन्नी खाली ठेवली. ‘म्हातारी? तासोनीला? साहेब, माझ्या बायकोला शिकवलंय त्यांनी. हे कोरून मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि तासोनी वरून बघतायत, त्यांचं काय?’ मी म्हटलं, एकसष्ट वर्षांची होती. तो म्हणाला, ‘त्या आम्हाला पंचावन्न सांगायच्या. मी तासोनींवर विश्वास ठेवणार.’

ताई, दगडावर दुसरं काहीही कोरता येईल, हे मला कळतं. स्तोत्रसंहितेची ओळ आहे, क्रूस आहे. अबूनाही तेच म्हणतात. पण एकतीस वर्षांत ती एकदाही माझ्याआधी उठली नाही. या वेळी तीच आधी उठून गेली. ते वाक्य तिला आता पहिल्यांदा लागू पडतंय, आणि आताच ते काढून टाका म्हणतात. हे मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. तुम्हालाही नीट सांगता आलं नाही.

गुडघ्यांना कोमट तेल लावत जा. थंडीचे दिवस येतायत, समुद्राच्या बाजूची खिडकी बंद ठेवा.

आपला,
लबीब

ता. क. खरं काम राहिलंच. झरीफ म्हणतो, घरातलं मोठं माणूस लिहून देईल तर कोरतो. आता मोठं माणूस तुम्हीच. तेव्हा एका कागदावर सहीनिशी एवढंच लिहावं, की मी, मार्सेल, वय वर्षं त्र्याहत्तर, म्हातारी आहे, आणि माझी धाकटी बहीणही त्याच वाटेला लागली होती. तुमचं वय फक्त झरीफ वाचेल. अबूनांनाही दाखवणार नाही. कागद शुक्रवारपर्यंत यायला हवा.

ता. क. दुसरं. हे वाक्य जर मुळात तुमच्या आईचं असेल, तर कृपा करून रविवारपर्यंत मला कळवू नका.

ता. क. बुधवार. पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून आता सकाळच्या गाडीने येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवतो; कागद त्याच्याच हाती द्या. आता पावणेसहा वाजलेत. पाणी रोजच्यासारखंच दोघांपुरतं तापवलंय. चहापुरतं घेतलं. उरलेल्यात मसुरीचं ताट धुऊन टाकतो.