मुखपृष्ठावरचं नाव

ताइनान, १४ नोव्हेंबर २०१९

प्रिय यून-छिन,

सकाळी बँकेत जाऊन आलो. काल रुई-जेनला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले, शेवटचा विधी होता. अकरापर्यंत पूजा उरकली होती. आज दुपारी प्रकाशकांचा फोन आला, तिसऱ्यांदा. "बाईंच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आहे तशीच काढायची ना?" म्हणजे मुखपृष्ठावर तिचं एकटीचं नाव, आणि आत आभारांच्या यादीतल्या एकोणीस जणांत तुझं. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले. माझ्या तोंडून हो निघेना. तेव्हापासून घरभर फिरतोय. बंद केलेला नळ पुन्हा जाऊन पाहतो, कपाट उघडतो आणि कशाला उघडलं ते आठवत नाही.

काल तिच्या फोटोपुढे हेच मनात विचारून दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा आला असता तर होकार. दोन्ही छापे पडले, म्हणजे नुसतं हसू. तीनदा टाकली, तिन्ही वेळा तेच. माझी बहीण आ-हुआ संत्री सोलत होती. म्हणाली, "दादा, वहिनी हसतायत तुला! प्रश्न धड विचार, नाहीतर काय लपवलंयस ते तरी सांग." मग नाणी तिनेच उचलली. "वहिनी, पोटभर जेवलात ना?" पहिल्याच फटक्यात होकार. "बघ, माझ्याशी कशा नीट बोलतात!" सगळे हसले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पुस्तकासाठी जिची मुलाखत घेतलीत, ती म्हातारी नटी आठवते तुला? गाडी मी चालवत होतो म्हणून मीही तिच्या उंबऱ्यावर बसलो होतो. रुई-जेनने प्यायला पाणी मागितलं ते चिनीत, आणि तू ते तैवानीत सांगितलंस. म्हातारी म्हणाली, "अगं बाई, आमच्या बोलीतल्या सिनेमांची डॉक्टर तू, आणि घोटभर पाण्यालाही ही पोर लागते?" रुई-जेनच सगळ्यात मोठ्याने हसली. परतताना गाडीत मात्र खिडकीकडे तोंड करून बसली. ती चीनमधून आलेल्या सैनिकांच्या वसाहतीत वाढली, तिच्या कानावर ही बोली पडली नव्हती. माझी तर ती आईची बोली. पण शाळेत ती बोललो म्हणून मास्तरांनी गळ्यात पाटी अडकवली होती, आणि पुढे घरात मी ती कधी काढलीच नाही. तिला शिकवायचं माझ्या मनातही आलं नाही.

ती लिहीत होती, तू विचारत होतीस. शूटिंगच्या दिवशी काय खायचात, तान्हं बाळ कुणाकडे ठेवायचात, हे तुझे प्रश्न. त्याच उत्तरांवरचं प्रकरण सगळ्यांनी वाखाणलं, त्यावर ती प्राध्यापक झाली. पुस्तक आलं त्या दिवशी तू अननसाचे केक घेऊन आलीस. यादीतलं आपलं नाव शोधलंस आणि म्हणालीस, "कागद छान आहे, बाई." त्याच वर्षी तिच्या हाताखालचा प्रबंध सोडून तू हूवेइला आईच्या नाश्त्याच्या दुकानात गेलीस. रुई-जेन म्हणायची, "पोरीत चिकाटी नव्हती." मी मान डोलवायचो.

ऑगस्टमध्ये दवाखान्यात तिने एक पान लिहिलं. पुस्तकावर दोन नावं हवीत, निम्मं काम यून-छिनचं आहे, ते तेव्हाच सांगायला हवं होतं, असं त्यात आहे. म्हणाली, "तिला पाठव. माझ्या हयातीत." मी ते खिशात घातलं. तीस वर्षांची तिची मेहनत, शेवटी लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिने चार वेळा विचारलं, "उत्तर आलं का?" मी म्हणालो, "अजून नाही." चौथ्यांदा ती म्हणाली, "नाही यायचं. तिचं बरोबर आहे." नंतर तिने विचारलं नाही. तू माफ केलं नाहीस असं समजून ती गेली, यून-छिन. आणि तुला तर काही कळलंच नव्हतं. ते पान या पाकिटात आहे, घडी माझ्या खिशातली आहे. प्रकाशकांना आत्ताच फोन करून दोन नावं घालायला सांगितलं. तुला नको असेल तर त्यांना तसं कळव. या पत्राच्या मागे त्यांचा नंबर लिहिला आहे. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू येतंय. पिशव्या घेऊन खाली जातो.

तुझाच,
लू काका