तुझ्या कर्तबगारीने स्वच्छ राहिलेली काच

चि. फर्गस यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, या खेपेस जरा हात आखडून.

तीन दिवस आम्ही इनव्हर्नेसच्या उत्तरेला गाडीने भटकतो आहोत. प्रकृती उत्तम, भांडणे नियमित. पूर्वी दर दहा मैलांवर काचेवरची चिलटे खरवडावी लागत. यंदा काच निष्कलंक. माझे यजमान खुशीत.

"बघ, फडक्याची घडीसुद्धा मोडली नाही!"

"फर्गससारखे शेतात औषध फवारणारे असल्यावर किडा उरेल कशाला, मर्डो?"

काल मात्र एका माळावर कमरेएवढे जांभळे उटकटारे फुललेले दिसले आणि पाच मिनिटांत काच किड्यांनी बरबटली. मर्डो शिव्या देत उतरला, मी टाळ्या वाजवल्या.

आईच्या मधमाश्या कशा आहेत? फोनवर ती "ठीक" म्हणते, म्हणजे ठीक नाहीत. ओढ्याकाठच्या उटकटाऱ्यांवर तू शनिवारी तणाचे औषध मारणार, हेही तिनेच सांगितले. तिच्या माश्यांना आता तेवढीच फुले उरली आहेत, हे तुला ठाऊक आहे.

मी शुक्रवारी येते. गाडी तुझ्या फाटकात आडवी लावून आत बसेन. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवू नकोस. मी स्वेटर विणायला घेतला आहे, आणि लोकर भरपूर आहे.

अजून तरी तुझीच ताई,
इशबेल