मधे एक मुक्काम धरून

प्रिय मोनाली,

नळाला पाणी आलं होतं आणि मी हंडे भरत होते. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये सकाळी आधी पाणी, मग पोळ्या, मग अंगणातल्या सायकलीवरची धूळ पुसायची, हा क्रम ठरलेला. तुझ्या बाबांची पहिली पाळी होती. मी ओलं फडकं घेऊन बाहेर आले तर सायकल जागेवर नाही. तू तेव्हा आठ वर्षांची. दुधाची बरणी हँडलला अडकवून, मधल्या आडव्या नळीखालून पाय घालून, वाकडी होऊन तू ती पार डेअरीपर्यंत नेलीस आणि परत आणलीस. निम्मं दूध सांडलेलं, गुडघा फुटलेला. मी ओरडणार होते. पण बाबांनी तुला एवढंच विचारलं, की येताना चढावर उतरलीस का. तू मान हलवून नाही म्हणालीस. त्या दिवशी ते पाळीला उशिरा पोचले आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

हे आठवलं ते तुझ्या चिठ्ठीमुळे. तुझ्यासोबत दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करणारी हेमांगी गेल्या आठवड्यात इथे फैजपूरला लग्नाला आली होती. मांडवातून मला बाजूला घेऊन तिने चिठ्ठी हातात दिली आणि मी ती वाचून पोलक्यात ठेवीपर्यंत तिथेच उभी राहिली. काकू, फोनवर यातलं काही बोलू नका, म्हणाली. सायकलीची चिठ्ठी आणि फोनवर बोलायचं नाही? मला तेव्हाच खटकलं.

मी अक्षरं शिकले ती तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून, पोळ्या लाटता लाटता. हळू वाचते, म्हणून ओळ सुटत नाही. तू लिहिलंस, धुळ्यात नको, सायकल तिकडेच बघून ठेव. कामावर जायला हवी आणि कधी लांब जायलाही चालावी. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ओढणी अडकू नये, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या लावता आल्या पाहिजेत, टायर फार बारीक नको, पुढे-मागे दिवा हवा, रंग डोळ्यात भरणारा नको. आणि खाली, आठवलं म्हणून लिहिल्यासारखं, मंजुळामावशी अजून चोपड्याला त्याच घरात राहते का?

तुझ्या घरापासून दवाखाना तीन किलोमीटर. तीन किलोमीटरला दोन पिशव्या कशाला? आणि बाबांनी लग्नात दिलेली स्कूटी कुठे गेली? हेमांगीने बजावलं होतं तरी मी फोन केला. सायकलीचं नाव काढलं नाही, सहज विचारतेय असं दाखवलं. फोन जावईबापूंनी घेतला. तुझा फोन अलीकडे तेच घेतात. ज्ञानेश्वरराव किती गोड बोलतात! स्कूटी सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणाले, म्हणून मीच मोनालीला सोडतो आणि आणतो, तुम्ही काळजी करू नका आई. मग विहीणबाईंनी फोन ओढून घेतला. त्या म्हणाल्या, "स्कूटी? ती ते मागला मयनामाच इकी टाकी. तिले काय कमी शे? बठ्ठं शे आमना घरमा." एकाच घरात एक म्हणतो गॅरेजला आहे, दुसरी म्हणते गेल्या महिन्यात विकली. मी हं हं करून फोन ठेवला. तू मागे भांडी घासत होतीस. आवाजावरून कळलं मला.

आता मी तुला एक वाईट गोष्ट सांगते. माझा पहिला संशय तुझ्यावर गेला. हेमांगीचा भाऊ भूपेंद्र रविवारी सायकलवाल्यांच्या टोळक्यासोबत लळिंगच्या किल्ल्याकडे जातो, हे तिनेच लग्नात कुणालातरी सांगितलं होतं. मी ते कानावर घेतलं आणि दोन दिवस मनात नको ते शिजवलं. चिठ्ठीत "लांब जायला" होतं ना. नवऱ्याला चोरून, सायकलीवर, कुणाबरोबर? असं मी पोटच्या पोरीबद्दल विचार करत बसले आणि फोन मात्र तुझा दुसराच घेत होता. बाबा असते तर माझ्याशी बोलले नसते. ते जाऊन तीन वर्षं होतील. अजूनही चहा दोन कपांचाच टाकते आणि दुसरा दुपारी गार पिते.

रागातच मी उखर्डूभाऊंच्या दुकानात गेले. बाबांची सायकल तेच दुरुस्त करायचे, आता गिअरवाल्याही ठेवतात. त्यांनी आधी बारीक टायरची दाखवली. पळते जोरात, पण आपल्या रस्त्याला बाभळीचा काटा लागला की उतरून बसा. मग शॉकअपची, जाड टायरची. "हे गल्लीत मिरवाले. तीस किलोमीटर हाणली का मांड्या भरल्या समजा." दोन्ही बाजूला सारल्यावर मागची एक काढली. टायर मध्यम, हँडल सरळ, नळी खाली झुकलेली म्हणजे कपडे अडकत नाहीत, सात गिअर, मडगार्ड, आणि कॅरिअर बसवायला फ्रेमलाच भोकं पाडलेली. ती भोकं पुष्कळ महागड्या सायकलींना नसतात म्हणाले. मी त्यांच्या शब्दावर विसंबले नाही. दुकानदार जे शेवटी काढतो तेच त्याला खपवायचं असतं असं मला वाटतं. मी उचलून पाहिली, मागचं चाक फिरवून कान लावला, दोन्ही ब्रेक दाबून पुढे ढकलली. खोट सापडली नाही.

मग त्यांनी रोजचं अंतर विचारलं. तीन किलोमीटर म्हटल्यावर ते चिठ्ठीतल्या पिशव्या आणि दिवे बघून हसायला लागले. "काहून वो बेबाबाई, पोरगी कामाले जाऊन राह्यली का परिक्रमेले?" मी म्हटलं, तुम्ही विकायचं काम करा. तर ते कॅरिअर घट्ट करता करता आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सामान घेऊनशान नवीन माणूस सत्तर जाईन एका दिवसात. पुढचं दुसऱ्या दिवशी. मधी एक मुक्काम मात्र पाह्यजे."

मी तिथेच स्टुलावर बसले. धुळ्याहून अंमळनेर, तापीचा पूल, चोपडा. सत्तरेक किलोमीटर. चोपड्याला मंजुळा. दुसऱ्या दिवशी यावल आणि मग फैजपूर. तुझ्या चिठ्ठीत एक ओळही उगाच नव्हती गं. तू माहेरी येणार होतीस.

आणि दोन आखाज्या तू आली नाहीस तर मी तुला काय समजत होते? पोर नोकरीत रमली, झोके आता तिला लहान वाटतात, येत नाही तर न येवो. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला लेकीला न्यायला माहेरचा मुराळी जावा लागतो. बाबा होते तोवर दर वर्षी तेच यायचे, सांजोऱ्यांचा डबा घेऊन. तुला भाऊ नाही, आणि विधवा बाईने मुराळी म्हणून लेकीच्या दारात जायचं नसतं, हे मी ऐकत आले आणि धरून बसले. वाटायचं, तिकडून कुणीतरी पाठवेल. तिकडे ते म्हणत असतील, न्यायला कुणी येत नाही, हिला माहेर आहे कुठे? मी रिवाज पाळला आणि त्यांना आयतं कारण दिलं. त्या माणसाने मग तुझी स्कूटी नेली, फोन नेला, दवाखान्याच्या दारापासून दारापर्यंत तुला मोजून नेऊ-आणू लागला. माझ्याकडून कुणी येईल ही आशा तू सोडलीस, तेव्हा सायकलीची चिठ्ठी लिहिलीस.

मोनाली, तुला एकटीला हे पार करता येईल याची मला शंका नाही. पण चैत्र सरत आलाय, डांबर पातळ होतंय, आणि तू पळून आलीस असं कुणी म्हणायला नको. आईबरोबर, दिवसाढवळ्या, पिशवी भरून निघायचं. परत जायचं का, कधी, हे तू इथे येऊन ठरव. तुला कुणी ढकलणार नाही. सायकल तुझीच राहील. कामाला ने नाहीतर तापीपार ने, तू कुठे चाललीस हे मी विचारणार नाही. हेमांगी हे पत्र तुला लॅबमध्ये देईल. वाचून तिच्याकडेच ठेव, घरी नेऊ नकोस. आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या फाटकाने बाहेर ये, पिशवी भरायला दोघी मिळून घरी जाऊ.

उखर्डूभाऊंच्या दुकानातून ती सायकल घेऊन घरी आल्यावर मी बाबांच्या फोटोला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला जाणाऱ्या केळीच्या गाडीत सायकल आडवी घातली, ड्रायव्हरच्या शेजारी बसले, आणि तुला न्यायला आले.

दवाखान्यामागच्या रसवंतीवर बसलेली,
तुझीच,
आई