मायोर्काच्या उन्हातल्या कुरडया

१४ ऑक्टोबर २००७, स्टुटगार्ट
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला कुरडया माझ्या, घरच्या. सगळ्यांदेखत सांगून टाकलं. विहीणबाईंनी, म्हणजे सुनेच्या आईने, पुण्याहून विकतचं पाकीट पाठवलंय. तसली कुरडई मी कावळ्यालासुद्धा घालणार नाही.
अडचण एकच. इथलं ऊन विहीणबाईंच्या आग्रहासारखं, नुसतं दाखवायला.

१८ ऑक्टोबर
अडचण सुटली! नातीच्या, ओवीच्या, शाळेच्या सुट्टीत हृषिकेश आम्हा सगळ्यांना मायोर्काला नेतोय. स्पेनचं बेट. उन्हाळाभर तिथे पाऊस जवळजवळ नाही म्हणे. तांदळाचं पीठ आणि सोऱ्या बॅगेत भरला.
हृषिकेश म्हणतो, आई, तिथे पाऊस आत्ताच सुरू होतो, आणि त्याचा नेम नसतो. एका वर्षी धो धो, एका वर्षी ठणठणाट. दसऱ्याला सुरू होणारा पाऊस? इंजिनियर झाला, पण अक्कल कंपनीतच ठेवून येतो.

२१ ऑक्टोबर, दसरा
हृषिकेश सुट्टीपुरतं घर समुद्राकाठी भाड्याने घेत होता. मी हाणून पाडलं. समुद्राकडे पाऊस, डोंगरापलीकडे कोरडं. कोकण आणि देश. चौथीपर्यंतच शिकले, पण नीट शिकले. डोंगराखालचं घर ठरलं. सून अरुंधती गप्प बसली, म्हणजे तिला पटलं.

२९ ऑक्टोबर, मायोर्का
ऊन काय ऊन! गच्चीवर चादर, चादरीवर कुरडया. शेजारची जर्मन म्हातारी (इथेही जर्मनच) आभाळाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मेली नजर लावते. मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या.

३० ऑक्टोबर, दुपारी
ढग आलेत. किरकोळ.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कुरडयांची पेज झाली. हृषिकेश आणि ओवी समुद्रावरून टोमॅटोसारखे लाल होऊन आले. गाडीने अर्ध्या तासावर, तिथे थेंब नाही! हृषिकेश म्हणाला, इथे डोंगराकडेच जास्त पडतो. मग आधी नाही का सांगायचं? सांगितलं होतं म्हणे. मोठ्याने सांगायचं.

१ नोव्हेंबर
उरलेल्या पिठाच्या घातल्या, समुद्रावर नेल्या. आज पाऊस समुद्रावर. परत आले तर डोंगराखाली म्हातारीच्या चादरी खडखडीत वाळलेल्या. तिने हात हलवला. मी नाही हलवला.
चूक माझी नाही. ज्या देशात पावसालाच वळण नाही, तिथे माणसाने काय करावं?

३ नोव्हेंबर, स्टुटगार्ट
आठवडाभर इथे लख्ख ऊन होतं म्हणे. अरुंधतीने शेजाऱ्यांकडून ऐकलं आणि मी न विचारता सांगितलं.

१० नोव्हेंबर, रात्री
मंडळाची दिवाळी झाली. विहीणबाईंचं पाकीट मी स्वयंपाकघराचं दार लावून तळलं. तळणं काय कमी कसब आहे? तळल्या मी, म्हणजे माझ्याच.
मंडळातल्या प्रभाताई म्हणाल्या, घरचं ते घरचं, आजी! मी मान डोलावली. तेवढ्यात ओवी रिकामं पाकीट नाचवत आली आणि सगळ्यांना जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली.
मला काही कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं.